एकशे त्रेचाळिसावा फॉर्म

‘हबशी’ लिहायचं, ‘आफ्रिकन’ लिहायचं की नुसतं ‘परदेशी’, यावर आमच्या जेवणाच्या टेबलाशी पाऊण तास गेला. बॅनरवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते.

“हबशी हा ऐतिहासिक शब्द आहे,” मी म्हणालो. “या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर हबशीच होता. त्यात कमीपणा कसला?”

“सर, आजकाल तो शब्द बरा दिसत नाही,” अ‍ॅडव्होकेट हरसूलकर म्हणाले.

“बरा दिसत नाही म्हणजे? तीस वर्षं शिकवलाय मी!”

जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती हिरुत माझ्या समोर बसून पोहे खात होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पोहे संपल्यावर तिनं ताटली बाजूला ठेवली आणि म्हणाली, “मी इथिओपियाची आहे. इथिओपियन लिहिलं तर?”

ती इंग्रजीत बोलायची. मी ते मराठीत सांगतोय, पण तिच्या बोलण्यातला मऊपणा माझ्या मराठीत उतरणार नाही, हे आधीच कबूल करतो.

हरसूलकरांनी बोटांवर अक्षरं मोजली. बसत नव्हती. शेवटी तोडगा मीच काढला. मलिक अंबरानं या शहरासाठी जमिनीखालून पाण्याची नहर आणली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून मी कागदावर लिहिलं, ‘नहर बांधणाऱ्याच्या लेकीला घर द्या!’

“वा!” हरसूलकर म्हणाले. “सर, याला म्हणतात भाषा.”

“मलिक कोण?” हिरुतनं विचारलं.

मी तिला सांगितलं. वीस मिनिटं सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती. शेवटी म्हणाली, “आमच्या शाळेत हे शिकवत नाहीत, सर.” मला जरा लागलंच ते. ज्याचा अभिमान मी तिच्या वतीनं तीस वर्षं बाळगत आलो, त्याचं नावही तिला माहीत नसावं?

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा आमच्या शहराला औरंगाबाद म्हणायचे आणि मला पाथ्रीकर सर. दुसरं अजून बदललेलं नाही. सरकारी शाळेतून निवृत्त होऊन मला वर्षच झालं होतं. निवृत्त मास्तरासारखा धोकादायक प्राणी नाही. घंटा होत नाही, तास संपत नाही, आणि समोर पोरं नसली तरी तोंड चालूच राहतं. अशा वेळी मला हिरुत तेस्फाये भेटली आणि माझ्या हातात खडू आला.

ती विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएच. डी. करत होती. वय एकोणतीस. तिकडे गोंदर नावाच्या शहरात कॉलेजात शिकवायची, तिथून तीन वर्षांच्या रजेवर आलेली. दोन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं. वसतिगृहात जागा नव्हती म्हणून आमच्या कॉलनीत साळुंक्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. आमच्या कॉलनीचं नाव सहजीवन. नाव ठेवणाऱ्या समितीत मी होतो.

दोन वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. मग एका रविवारी तिनं घरून आलेली हिरवी कॉफी तव्यावर भाजली. त्यांच्याकडे तशी रीत आहे म्हणे. दाणे काळे होईपर्यंत भाजायचे, धूर पाहुण्यांच्या नाकापर्यंत न्यायचा, शेजारी निखाऱ्यावर ऊद टाकायचा आणि तीन-तीन कप प्यायचे. पाहुणी म्हणून तिनं साळुंकेबाईंनाच बोलावलं होतं. बाईंनी दारातून धूर बघितला, निखारे बघितले, मधे बसलेली ही काळी पोरगी बघितली आणि उलट्या पावली घरी आल्या. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं, साळुंक्यांच्या मागच्या खोलीत करणी चालते. ज्यांचा करणीवर विश्वास नव्हता त्यांनी नशापाणी चालतं म्हणून सांगितलं. आम्ही सुशिक्षित माणसं.

पुढच्या मासिक सभेत चेअरमन आष्टीकरांनी ठराव मांडला, कॉलनीत कुणीही परदेशी विद्यार्थ्याला जागा देऊ नये. सूचक आष्टीकर, अनुमोदक बोराडे. मंजूर. मी त्या सभेला नव्हतो. पैठणला व्याख्यानाला गेलो होतो. विषय तोच, मलिक अंबर.

अनुमोदक बोराडे म्हणजे काय ते सांगायला हवं. एकनाथ बोराडे हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आमच्या सोसायटीला अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षांत जेवढे म्हणून ठराव झाले, त्या सगळ्यांना अनुमोदन बोराड्यांचं. गेट रंगवायचं, अनुमोदक बोराडे. कुत्री पकडायची, अनुमोदक बोराडे. कुत्री पकडायची नाहीत, अनुमोदक बोराडे. चेअरमननी “अनुमोदन?” म्हणून मान वर केली, की शेवटच्या ओळीतून एक हात वर जायचा. ठराव काय आहे हे त्यांना ठाऊक असायचंच असं नाही. सभा लवकर आटपली, की चहा लवकर येतो, एवढं मात्र ठाऊक असायचं.

साळुंक्यांनी हिरुतला महिनाअखेरपर्यंत खोली सोडायला सांगितलं. तिचा राहण्याचा परवाना त्याच महिन्याच्या तीस तारखेला संपत होता. तो वाढवून घ्यायचा तर पत्ता लागतो, आणि पत्त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. पत्र नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर परत गोंदर. दोन वर्षांचं काम पेटीत घालून. तिनं शहरात एकोणीस घरं पाहिली. फोनवर सगळीकडे खोली रिकामी असायची. दारात पोचेपर्यंत भरलेली असायची.

हे मला कळलं आणि माझं रक्त खवळलं. खरंच खवळलं, त्यात काही खोटं नव्हतं. कारण आमच्या चिन्मयचं तेच झालं होतं. चिन्मय आमचा एकुलता एक, तेव्हा अमेरिकेत नवीन गेलेला. तिथल्या एका घरमालकानं फोनवर हो म्हटलं आणि याचं तोंड बघून जागा गेली म्हणून सांगितलं. त्या रात्री कुमुद, माझी बायको, जेवली नव्हती. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं होतं. छापून आलं होतं.

मग काय, मंच स्थापन झाला. वर्णभेदविरोधी नागरिक मंच. अध्यक्ष मी, कायदेशीर सल्लागार हरसूलकर. बैठका आमच्याकडे, कारण आमचं घर मोठं. खाली आम्ही दोघं आणि वर चिन्मयसाठी बांधलेला मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाहेरून वेगळा जिना. तो गेला त्याच वर्षी बांधून झाला. दर गुरुवारी कामवाली वर जाऊन फरशी पुसायची आणि किल्ली परत फ्रिजवरच्या डब्यात ठेवायची.

पहिल्या बैठकीला हिरुत लवकर आली. अंगणात उभी राहून वर बघत होती. कुमुद तुळशीला पाणी घालत होती.

“काकू, वर कोण राहतं?” तिनं मराठीत विचारलं. भाजीवाल्यांकडून शिकलेलं तिचं मराठी तेवढं पुरायचं.

“मुलगा,” कुमुद म्हणाली.

“आहे घरी?”

“नाही गं. अमेरिकेत असतो. दिवाळीला येणार होता.”

“ह्या दिवाळीला?”

“मागच्या,” कुमुद म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. “अहो, मी काय म्हणते…”

“आधी चहा टाक,” मी म्हणालो. “हरसूलकर आलेत. ते पोह्यांवर लिंबू मागतात, ते काढून ठेव.”

ती आत गेली.

माझी मोहीम जोरात सुरू झाली. मी एक संकल्पपत्र तयार केलं. मास्तरचा हात, त्यामुळे मुद्देसूद. वर प्रतिज्ञा, ‘मी माझ्या घरात, वस्तीत व मनात वर्णभेदाला थारा देणार नाही.’ खाली नाव, पत्ता, सही. हरसूलकर म्हणाले, नुसत्या प्रतिज्ञेनं काय होणार, काहीतरी कामाचं विचारा. म्हणून मीच एक ओळ वाढवली, ‘माझ्याकडे भाड्याने देण्याजोगी रिकामी जागा: आहे / नाही.’ नको ते खोडायचं. घरटी एक फॉर्म. छापून आले तेव्हा पहिला फॉर्म मी भरला, सगळ्यांसमोर, शाईच्या पेनानं. प्रतिज्ञा वाचली, ‘आहे’ खोडलं, खाली झोकदार सही केली. हरसूलकरांनी टाळी वाजवली. हिरुतनं फॉर्म घेतला, सही वाळेपर्यंत फुंकर घातली आणि फाइलमध्ये ठेवला. फॉर्म सांभाळायचं काम तिच्याकडे दिलं होतं. म्हटलं, संख्याशास्त्राची पोरगी आहे, उपयोग होईल.

सभा झाली सव्वीस तारखेला, कॉलनीजवळच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये. आयुष्यात माझी इतकी चांगली सभा कधी झाली नाही. खुर्च्या कमी पडल्या. व्यासपीठावर हिरुतला मधे बसवलं, शाल-श्रीफळ दिलं. तिनं नारळ मांडीवर घेतला आणि तो पुढचे अडीच तास तिथेच राहिला. प्रास्ताविक हरसूलकरांचं. मग दोन निवृत्त प्राचार्य, एक समाजसेविका, एक कवी. कवीनं काळ्या रंगावर कविता म्हटली. त्यात काळी माती होती, काळा विठ्ठल होता, काळी मैना होती. हिरुतला काही कळत नव्हतं, पण प्रत्येक ‘काळी’ला लोक तिच्याकडे बघायचे, म्हणून ती प्रत्येक वेळी हसायची.

मग मी उठलो. मलिक अंबरापासून सुरुवात केली. नहर आणली, पाणी खेळवलं. “या शहरानं चारशे वर्षं एका हबश्याचं पाणी प्यायलं,” मी म्हणालो, “आणि आज त्याच्या लेकीला आपण साधी खोली देत नाही?” टाळ्या. मग चिन्मयची गोष्ट सांगितली. परक्या देशात, थंडीत, हातात बॅग घेऊन उभा असलेला पोरगा आणि तोंडावर लागलेलं दार. बोलता बोलता मीच रुमाल काढला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कुमुदनं नाही लावला. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, तिला तो दिवस आठवला असेल.

कार्यक्रमपत्रिकेवर हिरुतला शेवटी ठेवलं होतं, आभारप्रदर्शनाला. आमच्याकडे आभाराला लोक उठून निघायला लागतात. ती माइकसमोर आली, नारळ सोबत घेऊन. खुर्चीवर ठेवावा की नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“मी सगळ्यांची आभारी आहे,” ती म्हणाली. “मी फॉर्म मोजले. एकशे बेचाळीस कुटुंबं माझ्यासोबत आहेत.”

मला राहवेना. आकडा मला पाठ होता. एकशे त्रेचाळीस. मी बसल्या जागेवरून माइक ओढला. “एकशे त्रेचाळीस! बघा मंडळी, संख्याशास्त्राची पीएच. डी. आणि मोजायला शिकवतोय इतिहासाचा मास्तर!”

हॉलभर हशा पिकला. हिरुतनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं असं आता वाटतं. तेव्हा क्षणभरच वाटलं असेल. मग ती म्हणाली, “सॉरी, सर,” आणि पुन्हा माइककडे वळली. “त्यांपैकी रिकामी जागा आहे असं लिहिणारे, शून्य. धन्यवाद.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटचं वाक्य इंग्रजीत होतं आणि बाहेर समोसे आले होते.

समोशांपाशी मला बोराडे दिसले. शेवटच्या ओळीत बसून सगळं ऐकलं होतं म्हणे. त्यांचा फॉर्म आलेला नाही, हे मला माहीत होतं.

“बोराडे, तुम्ही सही केली नाहीत?”

“न्हाई केली.”

“का? त्या ठरावाला अनुमोदन द्यायला हात बरा वर गेला तुमचा!”

“त्या दिवशी भजे थंड व्हायलते सर,” बोराडे म्हणाले. “ठराव कशाचा हाय ते मला घरी गेल्यावर कारभारणीनं सांगितलं.”

“मग आता सही करा, चूक सुधारा!”

“तुमच्या कागदावर खोलीचं इचारलंय ना. माझ्याकडं माडीवरची एक खोली हाय, पोरीच्या लग्नापासून रिकामीच. हाय म्हणलं तर द्यावी लागंल. न्हाई म्हणलं तर खोटं व्हईल. म्हणून म्हणलं, सहीच नको.”

मी असा तापलो! “म्हणजे तुमच्याकडे खोली आहे आणि तुम्ही गप्प बसलात? एक पोरगी रस्त्यावर येतेय आणि तुम्ही कुलूप लावून समोसे खाताय? लाज वाटत नाही?”

चार माणसांत बोललो. बोराड्यांनी हातातला समोसा प्लेटमध्ये ठेवला. “वाटती की,” ते म्हणाले. “म्हणून तर आलतो.”

प्लेट तिथेच ठेवून ते हिरुतकडे गेले. ती एका कोपऱ्यात नारळ आणि शाल घेऊन उभी होती. मी मागोमाग गेलो, म्हटलं, हा गडी काय बोलतोय बघू. बोराड्यांना इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी अर्धंमुर्धं. पण बोराडे एसटीत अठ्ठावीस वर्षं होते. भाषा येत नसलेल्या माणसाला कुठे उतरवायचं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

“दारू?”

“नाही.”

“रात्री किती वाजता येती?”

“नऊ. लायब्ररी.”

“त्या धुराचं काय करती ती? ती करणी?”

“कॉफी,” हिरुत म्हणाली. “बुना. तुम्ही या. मी करते.”

“चहा न्हाई येत?”

“येतो.”

“मग झालं. उद्या सामान आण. पायताण खाली काढायचं. आमची म्हातारी जरा फटकळ हाय, तिचं मनावर घ्यायचं न्हाई.”

हिरुत रडायला लागली. बोराडे घाबरले. “अगं, काय झालं? भाडं जास्त व्हतंय का? अजून तर सांगितलंबी न्हाई,” असं म्हणत ते माझ्याकडे मदतीसाठी बघायला लागले. आणि मी? मी लगेच माइकपाशी गेलो आणि उरल्यासुरल्या लोकांना जाहीर केलं, की मंचाच्या प्रयत्नांना यश आलं आहे.

सत्तावीसला ती बोराड्यांच्या माडीवर गेली. एकोणतीसला बोराड्यांनी मालकाच्या पत्रावर सही केली. तीस तारखेला परवाना वाढला.

मला कलेक्टरना निवेदन द्यायचं होतं. सोबत सगळे फॉर्म जोडायचे. हिरुतनं पाठवलेली फाइल मी मोजली तर एकशे बेचाळीस. पुन्हा मोजली, तेवढेच. आता कलेक्टरांसमोर फजिती नको. मी तडक बोराड्यांकडे गेलो.

माडीवर कॉफीचा धूर झाला होता. हिरुत खाली बसून तव्यावर दाणे हलवत होती, शेजारी बोराड्यांची म्हातारी पाय पसरून बसलेली. “पार कोळसा केला गं,” म्हातारी तिला रागावत होती. बोराडे पाटावर, हातात कप.

“बसा सर,” बोराडे म्हणाले. “तीन कप प्यावे लागतात. दुसऱ्या कपापर्यंत कडू लागतं.”

“बसायला वेळ नाही. हिरुत, एक फॉर्म कमी आहे. तुझ्याकडे राहिला का?”

तिनं तवा खाली ठेवला. हात पुसले. उठून कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात तिचा पासपोर्ट होता, नवा परवाना होता आणि घडीही न पडलेला एक कागद होता. तो तिनं दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

अक्षर माझं. सही माझी, झोकदार. ‘आहे’वर काट मारलेली.

“हा मी वेगळा ठेवला होता, सर,” ती म्हणाली. “मी तुमच्या घरी आले होते ना, वरचा मजला बघितला होता. मला वाटलं, तुम्ही घाईत चुकीचा शब्द खोडला. चुकीची नोंद आम्ही मोजत नाही. बाजूला ठेवतो, आणि ज्यानं भरली त्याला परत विचारतो.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारणार होते. सभेत तुम्ही म्हणालात, एकशे त्रेचाळीस.”

म्हातारीला इंग्रजी कळत नव्हतं, बोराड्यांनाही नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून बोराड्यांनी आपला कप खाली ठेवला. मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? मला तिचाच राग आला, की एवढं सगळं केलं आणि ही पोरगी माझ्याच घराच्या खिडक्या मोजते. मग तो राग ओसरला आणि खाली नुसती लाज उरली. मी तो कागद खिशात घातला. “चूकच झाली,” एवढंच म्हणालो. ती म्हणाली, “काही हरकत नाही, सर. आता गरज नाही,” आणि मला बसायला पाट दिला. मी तीन कप प्यायलो. तिसराही कडूच लागला.

घरी येऊन कुमुदसमोर कागद ठेवला. तिनं वाचला. चष्मा काढला.

“तू का नाही बोललीस?” मी म्हणालो.

“मी? मी त्या दिवशी तोंड उघडलं तर तुम्ही लिंबू काढायला सांगितलंत. आणि फॉर्म घरटी एकच होता ना? माझा कुठाय?” तिनं उठून फ्रिजवरचा डबा हलवला. आत किल्ली वाजली. “मी मनातल्या मनात रोज देत होते तिला ही किल्ली. पण मनातल्या मनातच. म्हणजे मीसुद्धा तुमच्यातलीच.”

चिन्मय त्या दिवाळीलाही आला नाही.

पुढच्या रविवारी कॉलनीची मासिक सभा होती. आष्टीकर संतापले होते. ठराव मोडला, तोही ज्यानं अनुमोदन दिलं त्यानंच! “बोराडे, काय खुलासा आहे तुमचा?”

शेवटच्या ओळीतून बोराडे उठले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच ते सभेत उभे राहिले होते. “खुलासा काय, मला कळलं न्हवतं कशाला हात वर केला ते. आता कळलं. तो ठराव रद्द करावा, असं माझं म्हणणं हाय. लिहून घ्या.”

आष्टीकरांनी नाइलाजानं इतिवृत्ताची वही उघडली. “सूचक, बोराडे,” ते लिहिता लिहिता म्हणाले. आणि सवयीनं मान वर केली. “अनुमोदन?”

सगळ्यांनी सवयीनं मागे वळून शेवटच्या ओळीकडे बघितलं. पण हात वर करणारा माणूस तर सूचक झाला होता. हॉलमध्ये पंचेचाळीस माणसं होती. त्यांतल्या एकतीस जणांचे फॉर्म माझ्या फाइलमध्ये होते. मी मोजले होते. पंखा फिरत होता. साळुंके चपलेत काहीतरी शोधत होते. हरसूलकरांचा फोन आला, तो घ्यायला ते बाहेर गेले.

“अनुमोदन नसेल तर ठराव बारगळतो,” आष्टीकर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावायला घेतलं.

मी हात वर केला. खिशातला कागद कुरकुरला.

“अनुमोदक, पाथ्रीकर सर,” आष्टीकरांनी लिहिलं. आणि काय सांगू, त्या पाठोपाठ सगळे हात वर गेले, साळुंक्यांचासुद्धा. ठराव रद्द. टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून म्हणालं, “मानलं सर तुम्हाला! पहिल्यापासून एकटे उभे राहिलात त्या पोरीसाठी.” दुसरा म्हणाला, पुढच्या महिन्यात सरांचा सत्कार ठेवू.

मी खाली मान घालून बाहेर निघालो. दाराशी बोराडे चपला घालत होते. त्यांना तरी खरं सांगावं म्हणून मी म्हणालो, “बोराडे, हे लोक मला उगाच चढवतायत. मी काहीच केलं नाही. नुसता हात वर केला.”

“व्हय,” बोराडे म्हणाले. “हात वर करायला काय लागतं सर? मी अठरा वर्षं केलाय.”